फाशी द्यावी का? मृत्युदंडाच्या नैतिकतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न फौजदारी वकिली करताना आरोपींच्या आणि फिर्यादींच्या नातेवाइकांनी, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी विचारलेले आहेत. उत्तरे लिहिणाऱ्याचे मत फाशीच्या विरोधात आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. तथापि फाशीच्या बाजूचा बळकट युक्तिवाद जेथे आहे तेथे तो झाकलेला नाही. उदाहरणे भारतातील आणि शक्य तेथे महाराष्ट्रातील आहेत, आणि खटल्यांतील बहुतेक आरोपींची नावे मुद्दाम टाळली आहेत.

भारतात फाशी कोणत्या गुन्ह्यांना आहे आणि प्रत्यक्षात ती किती जणांना होते?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ नुसार खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते. त्याशिवाय माणसे दगावलेले दहशतवादी कृत्य, देशाविरुद्ध युद्ध पुकारणे, बारा वर्षांखालील मुलीवर बलात्कार अशा काही गुन्ह्यांनाही मृत्युदंडाची तरतूद आहे. मात्र फाशी सुनावली जाणे आणि फाशी दिली जाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील 'प्रोजेक्ट ३९ए' या अभ्यासगटाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये देशभरातील सत्र न्यायालयांनी १२० जणांना मृत्युदंड सुनावला आणि त्या वर्षाच्या अखेरीस फाशीची शिक्षा झालेले ५६१ कैदी तुरुंगांत होते. याउलट २००४ ते २०२० या काळात संपूर्ण देशात प्रत्यक्ष फासावर गेलेल्यांची संख्या आठ आहे. त्यांपैकी दोघांना महाराष्ट्रात फाशी दिली गेली: अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात आणि याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपूर कारागृहात. शेवटची फाशी २० मार्च २०२० रोजी पहाटे दिल्लीच्या तिहार कारागृहात झाली.

नैतिकतेच्या चर्चेत हे आकडे लक्षात ठेवावे लागतात, कारण आपण ज्या शिक्षेविषयी बोलतो ती बहुसंख्य कैद्यांच्या बाबतीत दोरखंडाची नसून, दोरखंडाची वाट पाहत काढलेल्या वर्षांची शिक्षा असते.

'दुर्मिळातील दुर्मिळ' म्हणजे नेमके काय?

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी हा नियम होता आणि फाशी न दिल्यास न्यायाधीशाला तिची कारणे लिहावी लागत. १९५५ मध्ये ती अट निघाली आणि १९७३ च्या संहितेने गाडी उलट दिशेला वळवली: जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची असेल तर 'विशेष कारणे' लिहिणे बंधनकारक झाले. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनात्मक ठरवली, परंतु ती केवळ दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांत, आणि दुसरा कोणताही पर्याय निर्विवादपणे बाद झाला असेल तरच द्यावी, असे बंधन घातले. गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहावा, त्याचे वय, परिस्थिती आणि तो सुधारण्याची शक्यता तपासावी, आणि तो सुधारणार नाही हे सरकार पक्षाने पुराव्यानिशी दाखवावे, असे त्या निकालाचे सार आहे.

तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, माच्छी सिंग खटल्यात न्यायालयाने फाशीयोग्य गुन्ह्यांचे पाच प्रकार सांगितले आणि तराजूचे पारडे पुन्हा गुन्ह्याच्या क्रौर्याकडे झुकले. तेव्हापासून एखादे न्यायालय एका निकालाचा आधार घेते, तर दुसरे दुसऱ्याचा. बच्चन सिंग खटल्यात एकट्याने विरोधी मत देणारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी नेमकी हीच भीती व्यक्त केली होती: जगणे वा मरणे हे आपला खटला कोणत्या न्यायाधीशांपुढे आला यावर ठरेल. पुढे स्वतः सर्वोच्च न्यायालयानेही काही निकालांत हे दुखणे मान्य केले.

ज्याने दुसऱ्याचा जीव घेतला त्याचा जीव घेणे हाच न्याय नव्हे का?

फाशीच्या बाजूचा हा सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत बळकट युक्तिवाद आहे, आणि त्याला 'सूडबुद्धी' म्हणून झटकून टाकणे हा फाशीविरोधकांचा जुना आळस आहे. शिक्षा ही केवळ गुन्हा रोखण्याची युक्ती नसते. झालेल्या अन्यायाचे माप समाजाने जाहीरपणे मान्य करण्याची ती रीत असते. चिमुरड्या मुलीचा छळ करून तिला मारणाऱ्या माणसाला जन्मठेप आणि दरोड्यात हातून खून झालेल्यालाही जन्मठेप, हे ऐकताना पोटात काहीतरी ढवळते, आणि ती भावना खोटी नसते.

तरीही या युक्तिवादात दोन फटी आहेत. पहिली अशी की गुन्ह्याच्या प्रमाणात शिक्षा असावी याचा अर्थ गुन्ह्यासारखीच शिक्षा असावी असा होत नाही. आपण जाळपोळ करणाऱ्याचे घर जाळत नाही, बलात्काऱ्यावर बलात्कार करत नाही, ॲसिड फेकणाऱ्याच्या तोंडावर ॲसिड ओतत नाही. या ठिकाणी आपण थांबतो ते गुन्हेगाराची कीव येते म्हणून नव्हे, तर आपल्या हातून काय होऊ द्यायचे याची एक मर्यादा आपण आखून घेतलेली असते म्हणून. प्रश्न एवढाच उरतो की बांधून ठेवलेल्या, निःशस्त्र माणसाला ठरलेल्या घटिकेला ठार करणे त्या मर्यादेच्या अलीकडे येते की पलीकडे.

दुसरी फट व्यवहारातली आहे आणि या संपूर्ण पानाचा भर तिच्यावरच आहे. 'नराधमाला मरण हीच शिक्षा' हे तत्त्व घटकाभर मान्य केले, तरी तो नराधम अचूक निवडून देणारी यंत्रणा आपल्यापाशी आहे काय? तत्त्व पुस्तकात राहते आणि फाशी मात्र ठाणे अंमलदार, पंच, सरकारी वकील, कामाच्या ओझ्याखाली दबलेले न्यायाधीश आणि मंत्रालयातील फायली यांच्यामार्फतच दिली जाते.

निरपराध माणूस फासावर जाईल ही भीती अतिशयोक्त नाही का? एवढी न्यायालये असतात.

२००३ च्या जून महिन्यात नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला आणि बलात्कारही झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा जणांना पकडले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची जन्मठेपही बदलून सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. म्हणजे आपण ज्यांना संरक्षक भिंती म्हणतो त्या तिन्ही भिंती ओलांडून हे सहा जण फाशी यार्डापर्यंत पोहोचले, आणि सर्वांत वरच्या न्यायालयाने तर शिक्षा वाढवली.

दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचारात सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर काही दिवसांतच पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, ही बाब निकालात नमूद आहे. त्या चौघांचा माग काढलाच गेला नाही. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झाले. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि तपास करणाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. सोळा वर्षांचे पाच लाख म्हणजे महिन्याला साधारण सव्वीसशे रुपये होतात. हा हिशेब कोणी मुद्दाम केला नसावा, पण तो एकदा मांडला की डोक्यातून जात नाही.

दुसरे प्रकरण पुण्याचे आहे. १९९४ मध्ये एकाच कुटुंबातील पाच महिला आणि दोन मुले यांची हत्या झाली. त्यांतील एक महिला गरोदर होती. १९९८ मध्ये फाशी सुनावलेल्या आरोपींपैकी एकाने पुढे आपण तेव्हा अल्पवयीन होतो असा दावा केला. राजस्थानातील त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदवहीत त्याचे नाव थोडे वेगळे होते, त्यामुळे दावा सिद्ध होण्यास फार काळ गेला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते, आणि अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढल्यावर त्याची सुटका झाली. येथे प्रश्न निर्दोषत्वाचा नव्हता. परंतु ज्याला कायद्याने बालगृहात ठेवायचे होते अशा मुलाला आपण फाशी सुनावली, तिच्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत शिक्कामोर्तब केले, आणि तो वाचला तो केवळ अंमलबजावणीला उशीर झाला म्हणून.

अशा चुका अखेर दुरुस्त झाल्याच ना? म्हणजे व्यवस्था काम करते असे का म्हणू नये?

दुरुस्ती झाली कारण दुरुस्त करायला माणूस जिवंत होता. इंग्लंडमध्ये टिमोथी इव्हान्सला १९५० मध्ये फाशी दिली गेली. तीन वर्षांनी त्याच इमारतीत राहणारा शेजारी अनेक खून करणारा निघाला, आणि १९६६ मध्ये इव्हान्सला मरणोत्तर माफी देण्यात आली. त्या देशाने खुनाची फाशी १९६५ मध्ये थांबवली, त्यामागे हे प्रकरणही होते.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोचरे आहे. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९९६ च्या एका निकालात गुन्हेगाराची परिस्थिती न पाहता केवळ गुन्हा पाहून फाशी कायम करण्यात आली होती, आणि ते बच्चन सिंग निकालाच्या विरुद्ध असल्यामुळे तो निकाल, तसेच त्याच्या आधारे दिलेले पुढील काही निकाल, चुकीचे ठरतात. २०१२ मध्ये चौदा माजी न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहून अशा तेरा कैद्यांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. मात्र या चुकीच्या वाटेने फाशी ठरलेल्यांपैकी राजस्थानातील दोघांना १९९६ आणि १९९७ मध्येच फासावर चढवून झाले होते.

एकाच गुन्ह्यात एकाला फाशी आणि दुसऱ्याला जन्मठेप, असे खरोखर होते?

उत्तर प्रदेशातील एका खून खटल्यात तिघांची भूमिका सारखीच होती आणि तिघांनाही फाशी सुनावली गेली होती. तिघांनी वेगवेगळे अर्ज केले आणि ते वेगवेगळ्या पीठांपुढे गेले. एकाचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्याची शिक्षा जन्मठेपेत बदलली. तिसऱ्याचा अर्ज फेटाळला जाऊन फाशीची तारीख ठरली, तेव्हा त्याने पुन्हा दाद मागितली. तोवर पहिल्याला ६ ऑक्टोबर १९८१ रोजी फाशी दिली गेली होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १९८२ च्या निकालात तिसऱ्याची शिक्षा बदलण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली. एक मेला, दोघे वाचले, आणि फरक पडला तो अर्ज कोणत्या टेबलावर गेला यामुळे.

फाशीची शिक्षा गरिबांनाच होते, हा आरोप खरा की डावी घोषणा?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या मृत्युदंड अहवालानुसार फाशी सुनावलेल्या कैद्यांपैकी सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते आणि सुमारे ७६ टक्के अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा धार्मिक अल्पसंख्याक गटांतील होते. गरीब माणसे गुन्हे अधिक करतात म्हणून हे आकडे असे दिसतात, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आकड्यांत नाही. ते सत्र न्यायालयाच्या दालनात बसल्यावर मिळते.

दोषी ठरवल्याचे वाचून दाखवल्यानंतर न्यायाधीश आरोपीला विचारतात, 'शिक्षेबाबत काही सांगायचे आहे काय?' वर्षानुवर्षे कच्चा कैदी म्हणून राहिलेला तो माणूस पिंजऱ्याच्या लाकडी कठड्याला धरून उभा असतो. तो म्हणतो, 'साहेब, घरी म्हातारी आय हाय. दया करा.' लघुलेखक ते 'आरोपीची वृद्ध आई त्याच्यावर अवलंबून आहे' असे प्रमाण भाषेत उतरवून घेतो. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला वकील उठून आरोपीचे वय, हा पहिलाच गुन्हा असणे आणि घरची परिस्थिती ही तीन कारणे सांगतो, कारण चौथे त्याला ठाऊकच नसते. त्या माणसाच्या गावी तो कधी गेलेला नसतो, त्याच्या शाळेचे, आजाराचे, तुरुंगातील वर्तनाचे कागद त्याच्यापाशी नसतात. सरकारी वकील निकालांची चळत पुढे सरकवतात. दुपारच्या सुट्टीनंतर शिक्षा सुनावली जाते. मी पाहिलेल्या अशा एका सुनावणीला चहा थंड होण्याइतकाच वेळ लागला.

ज्याला पैसे आहेत तो याच टप्प्यावर मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल, शाळेतील शिक्षकांची शपथपत्रे आणि वरिष्ठ वकील उभे करतो. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारनेच आरोपीची कौटुंबिक, शैक्षणिक आणि मानसिक माहिती व तुरुंगातील वर्तनाचा अहवाल न्यायालयापुढे ठेवावा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षेच्या सुनावणीला पुरेसा वेळ किती, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. पाऊल योग्य आहे. बच्चन सिंग निकालानंतर ते उचलायला बेचाळीस वर्षे लागली.

फाशीच्या भीतीने गुन्हे कमी होत नाहीत का?

फाशी जन्मठेपेपेक्षा अधिक धाक बसवते, हे आजवर कोणी सिद्ध करू शकलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तीन दशकांहून अधिक काळातील अभ्यास तपासून २०१२ मध्ये असा निष्कर्ष काढला की त्या अभ्यासांवरून फाशीमुळे खून वाढतात, घटतात की काहीच फरक पडत नाही, हे सांगता येत नाही. त्यामुळे धोरण ठरवताना त्यांचा आधार घेऊ नये. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी रद्द केली आणि त्यानंतरच्या दशकांत तेथील खुनांचे प्रमाण घटले, अर्थात त्यामागे इतर कारणेही असणार. धाक बसतो तो पकडले जाण्याच्या खात्रीने. ज्या तालुक्यात पंचनामा धड होत नाही आणि प्रयोगशाळेचा अहवाल वर्षभर येत नाही, तेथे कलमात फाशी लिहून गुन्हेगाराच्या मनात काय धडकी भरणार?

मग बलात्काऱ्यांनाही फाशी नको? दिल्लीच्या घटनेनंतर सारा देश तेच मागत होता.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि बलात्काराला फाशी देण्याची शिफारस करण्याचे टाळले. सरकारने मात्र पीडितेचा मृत्यू झाल्यास किंवा ती कायमची अचेत अवस्थेत गेल्यास मृत्युदंडाची तरतूद केली आणि २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलींच्या बाबतीतही ती आणली. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलेल्या शक्ती विधेयकाचा रोखही तोच होता.

महिला चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांचा याला असलेला विरोध शहरी चर्चेत ऐकू येत नाही. लहान मुलींवरील अत्याचारांत आरोपी बहुधा ओळखीतला असतो: काका, शेजारी, शिकवणीचे सर. 'तक्रार केली तर काकाला फाशी होईल' हे वाक्य घरातल्या मोठ्यांनी त्या मुलीला ऐकवले की तक्रार तेथेच संपते. शिवाय बलात्कार आणि खून या दोन्हींना एकच शिक्षा असेल, तर एकमेव साक्षीदाराला जिवंत ठेवण्याचे गुन्हेगाराला कारण उरत नाही. चौकात फाशी द्या अशी मागणी करणाऱ्यांचा संताप समजण्यासारखा आहे, पण त्या संतापाची किंमत कोण मोजेल हे त्यांनी एकदा शांतपणे पाहावे.

दयेच्या अर्जाला इतका उशीर का होतो आणि त्या उशिरामुळे फाशी का रद्द होते?

राज्यपालांना घटनेच्या अनुच्छेद १६१ नुसार आणि राष्ट्रपतींना अनुच्छेद ७२ नुसार क्षमा करण्याचा अधिकार आहे. प्रत्यक्षात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात. अर्ज तुरुंगातून गृहविभागात, तेथून केंद्रीय गृहमंत्रालयात आणि तेथून राष्ट्रपती भवनात जातो, आणि कोणत्याही टेबलावर झोपी जाऊ शकतो. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रामुख्याने अवाजवी विलंब हे शिक्षा बदलण्याचे कारण मानून पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, तसेच अर्ज फेटाळल्याचे कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान चौदा दिवस द्यावेत असा नियम घातला. त्याच्या आदल्याच वर्षी अफजल गुरूला फाशी दिल्याचे पत्र स्पीड पोस्टाने त्याच्या घरी पोहोचले तेव्हा फाशी देऊन दोन दिवस झाले होते.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. त्यांचा दयेचा अर्ज फेटाळला गेला तो २०१४ मध्ये. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी दिरंगाईवर कडक ताशेरे ओढून त्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. पुण्यातील २००७ च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनातील दोघांची फाशीही अशाच विलंबामुळे २०१९ मध्ये पस्तीस वर्षांच्या कैदेत बदलली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ते कायम ठेवले. वृत्तपत्रांतून तेव्हा न्यायालयावर टीका झाली. फाईल मात्र न्यायालयाने अडकवली नव्हती.

विलंबाचा यातनेशी काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांनी फाशी यार्डातील एका साध्या गोष्टीचा विचार करावा: पहाटे गजांपाशी बुटांचा आवाज आला की तो गस्तीचा की आपल्यासाठी आलेल्यांचा, हे त्या माणसाला दार उघडेपर्यंत कळत नाही, आणि अशा पहाटा वर्षाला तीनशे पासष्ट असतात.

पीडितांच्या कुटुंबाला तुम्ही काय सांगणार?

काहीही सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. ऐकण्याची जबाबदारी आहे. दिल्लीच्या त्या मुलीच्या आईने सात वर्षांहून अधिक काळ न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या आणि तिला फाशीच हवी होती. ओडिशात १९९९ मध्ये पती आणि दोन लहान मुलगे जिवंत जाळले गेल्यानंतर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. महात्मा गांधींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी वडिलांच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्यात फाशी दिली गेली. दुःखाची एकच भाषा नसते, त्यामुळे 'कुटुंबीयांना हवे म्हणून फाशी' हा युक्तिवाद धरला तर 'कुटुंबीयांना नको म्हणून माफी' हेही मान्य करावे लागेल, आणि ते कोणीच मान्य करत नाही. एक मात्र निश्चित: फाशीचा खटला कुटुंबाला वीस-पंचवीस वर्षे तारखांना बांधून ठेवतो, आणि नुकसानभरपाई, समुपदेशन, घरातील उरलेल्या मुलांचे शिक्षण यांची विचारपूस करायला कोणी येत नाही.

आपल्या परंपरेत तर देहदंड होताच. मग हा विरोध पाश्चात्त्यांकडून आला का?

मराठी माणसाला रामशास्त्री प्रभुणे यांचे 'देहान्त प्रायश्चित्त' शाळेपासून पाठ असते. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि परंपरेनुसार रामशास्त्र्यांनी खुद्द राघोबादादांना त्यात दोषी धरून हा निर्णय दिला. या कथेत आपल्याला भावते ते मरण नसून सत्ताधीशालाही न सोडणारा न्याय आहे. आणि कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही, तो असा की ते प्रायश्चित्त राघोबांनी कधी घेतले नाही आणि शास्त्र्यांनाच पुणे सोडावे लागले. बलवानापर्यंत देहदंड पोहोचत नाही, ही तक्रार अडीचशे वर्षे जुनी आहे म्हणायची.

दुसरी आठवण येरवड्याचीच आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चार जणांना तेथे फाशी देण्यात आली. पोलिसांच्या खुनाचा आरोप, रीतसर खटला, रीतसर निकाल. आज सोलापुरात त्यांना हुतात्मे म्हणतात. 'न्यायालयाने दिली म्हणजे योग्यच' असे मानण्याची सवय आपल्या इतिहासाने तरी आपल्याला लावलेली नाही.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मत पाश्चात्त्य म्हणून बाजूला सारता येणार नाही. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा काय, यावर चर्चा चालू असताना त्यांनी सांगितले की त्यापेक्षा फाशीच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल, कारण अहिंसेला नैतिक आदेश मानणाऱ्या या देशाने तेच करणे सुसंगत ठरेल.

दहशतवाद्यांचा तरी अपवाद करावा का?

न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये आपल्या २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. काही सदस्यांनी त्याला असहमती नोंदवली. राजकारणाच्या दृष्टीने ही तडजोड शहाणपणाची असेल, पण तर्काला ती पटत नाही: जो मरायला तयार होऊनच आला आहे त्याला फाशीचा धाक तो काय, आणि ज्या खटल्यात जनक्षोभ सर्वाधिक तेथेच पुराव्याची छाननी ढिली पडण्याचा धोकाही सर्वाधिक. कसाबच्या बाबतीत पुरावा निःसंशय होता. सारा मुंबईकर त्याच्या हातातली बंदूक पाहून होता. मात्र कायदा एकट्या कसाबसाठी करता येत नाही.

फाशी रद्द झाली तर हे सगळे चौदा वर्षांनी बाहेर येतील ना?

नाही. जन्मठेप म्हणजे कायद्याने उरलेले संपूर्ण आयुष्य. चौदा वर्षे ही ठरावीक गंभीर गुन्ह्यांत शिक्षामाफीचा विचार होण्यापूर्वी काढावी लागणारी किमान मुदत आहे, सुटकेची तारीख नव्हे. त्याही पुढे जाऊन सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये फाशी आणि साधी जन्मठेप यांच्यामधला पर्याय काढला: वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत कैद, आणि त्या काळात शिक्षामाफी नाही. २०१५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा अधिकार उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापुरता कायम केला. बीपीओ खटल्यातील दोघांना मिळालेली पस्तीस वर्षे याच जातीची आहेत. फाशी गेली म्हणून त्यांच्या कोठडीचे दार एक दिवसही आधी उघडणार नाही. फक्त पस्तीस वर्षांत एखादा कागद चुकीचा होता असे कळले, तर ते उघडता येईल.